आतल्या कानाभोवतीचं हाड झिजतं किंवा वाढतं तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो. धुळे, नंदुरबार, चोपडा, रावेर, अमळनेर अशा ठिकठिकाणांहून लोक येतात. रिपोर्टवर ‘ओटोस्क्लेरोसिस’ किंवा ‘हाड खाल्लेलं दिसतं’ असं काही वाचलेलं असतं आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. तुमचा कान मी पाहिलेला नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

## कान तर मऊ असतो. त्यात हाड कुठून आलं?

बाहेर दिसते ती पाळी, ती कूर्चेची. ऐकण्याचं खरं काम चालतं ते कानशिलाच्या हाडात, बरंच आत. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडं एकमेकांना जोडलेली असतात. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, उंची साधारण ३ मिलिमीटर. तिचा तळ एका अंडाकृती खिडकीत बसलेला असतो आणि आवाज आला की तो आत-बाहेर हलतो. खिडकीच्या पलीकडे आतला कान : ऐकण्याची वेटोळी नळी, म्हणजे कॉक्लिया, आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. या सगळ्याला द्रवासकट गुंडाळून असलेलं जे हाडाचं कवच, त्याबद्दल हे पान आहे.

## सगळीच हाडं झिजतात आणि भरून येतात म्हणे. मग या हाडाचं वेगळं काय?

वेगळं हेच, की या हाडाने तसं करणं अपेक्षित नाही.

बाकीच्या सांगाड्यात काम अखंड चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवं घालतात. मातीचं घर दरवर्षी जिथे उकललं तिथे खरवडून पुन्हा लिंपतात, तसंच. सरासरी दरवर्षी सुमारे १० टक्के हाड असं बदलतं. म्हणूनच मोडलेला हात जुळून येतो. आतल्या कानाच्या कवचाचा सर्वांत आतला थर मात्र वर्षाला साधारण ०.१३ टक्केच बदलतो. आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास हे कवच पूर्ण होतं, तेही जवळजवळ मोठ्या माणसाच्या मापाचं, आणि त्यानंतर आयुष्यभर ते तसंच राहतं. गर्भातल्या कूर्चेचे अवशेषसुद्धा त्यात म्हातारपणापर्यंत सापडतात. इतर हाडांतून ते केव्हाच निघून गेलेले असतात.

याचं कारण शोधताना एक सुंदर गोष्ट हाती लागली. हाड विरघळवणाऱ्या पेशी तयार व्हायला ‘रँक-एल’ नावाच्या रेणूचा इशारा लागतो. तो इशारा अडवणारं प्रथिन म्हणजे ऑस्टिओप्रोटेजेरिन. १९९७ मध्ये त्याची ओळख पटली. आतला कान स्वतःच हे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवतो. ते आतल्या द्रवात उतरतं आणि तिथून हाडातल्या सूक्ष्म नलिकांवाटे कवचात मुरतं. म्हणजे आपल्याभोवतीचं हाड कुणी उकरू नये, याचा बंदोबस्त कान आतूनच करतो. ज्या उंदरांत या प्रथिनाचं जनुक काढून टाकलं, त्यांचं कवच झिजू लागलं, त्यात नको तिथे नवं हाड आलं आणि ऐकू येणं कमी झालं.

थोडं विषयांतर. याच कानशिलाच्या हाडाचा ‘पेट्रस’ हा अतिकठीण भाग आज पुरातत्त्वाच्या लोकांना हवा असतो, कारण प्राचीन डीएनए टिकून राहिला तर बहुधा तिथेच. हरियाणातल्या राखीगढीचे ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकाच स्त्रीच्या या हाडातून उपयोगी पडेल एवढा डीएनए मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या कामात होते, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. गिरणाकाठी बहाळ-टेकवाड्याला ताम्रपाषाणकाळाचं उत्खनन १९५० च्या दशकात झालं, तेव्हा हे तंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा डीएनएला मानवणारा नाही, हेही आहेच.

## ओटोस्क्लेरोसिसमध्ये नेमकं काय होतं?

न बदलणारं हे हाड एखाद्या ठिकाणी बदलायला लागतं. बहुतेक वेळा ही जागा अंडाकृती खिडकीच्या अगदी पुढच्या कडेला असते. आधी तिथलं घट्ट हाड विरघळतं आणि रक्तवाहिन्यांनी भरलेलं सच्छिद्र हाड येतं. काही वर्षांनी ते पुन्हा घट्ट होतं, पण वेडंवाकडं आणि जास्तीचं. हे जास्तीचं हाड रिकिबीच्या तळावर चढलं की रिकीब खिडकीत जखडते. पडदा शाबूत, नस शाबूत, पण आवाज आत पोचत नाही.

१८९३ च्या सुमारास व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलित्झर यांनी दाखवून दिलं, की मूळ दुखणं कवचाच्याच हाडात आहे. तोवर हा मधल्या कानाच्या जुन्या सुजेचा परिणाम समजला जाई. काही जणांत हाडातला बदल कॉक्लियापर्यंत पोचतो आणि नसेचं ऐकूही (म्हणजे कॉक्लिया आणि तिच्या नसेकडून होणारं ऐकणं) घटतं, पण अशांची संख्या कमी.

## हे घरात कसं लक्षात येतं?

बहुतेक वेळा उशिरा. सुरुवात विशी ते चाळिशीत होते, बायकांत पुरुषांपेक्षा जवळजवळ दुप्पट, आणि चार रुग्णांपैकी साधारण तिघांत दोन्ही कान धरतात. कान दुखत नाही, वाहत नाही. बाहेरून काही दिसत नाही.

दोन खुणा सांगतो. पहिली : असा माणूस हळू बोलतो. त्याला स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून तो आपोआप खालच्या पट्टीत येतो. नसेच्या बहिरेपणात उलटं, माणूस ओरडून बोलतो. नवी सून हळू बोलते, हाक मारली की ओ देत नाही, सासूबाई म्हणतात, “तोंडमा तोंडमा बोलस.” कुणी तिला लाजाळू म्हणतं, कुणी शिष्ट. तीन-चार वर्षं अशीच जातात आणि मग पहिल्या बाळाच्या वेळी रात्री त्याचं रडणं ऐकू आलं नाही म्हणून तपासणीला आणतात. स्वभावावर शेरा मारण्याआधी पंधरा मिनिटांची श्रवणचाचणी करावी, असं मला कित्येकदा म्हणावंसं वाटतं.

दुसरी : गोंगाटात बरं ऐकू येतं. जिनिंगमध्ये किंवा एसटी स्टँडवर बाकीचे लोक आवाज चढवून बोलतात, आजूबाजूचा खडखडाट याच्या कानात अर्धाच पोचतो आणि समोरचा माणूस मात्र समजतो. घरी शांततेत तोच म्हणतो, “काय म्हटलं?” सोबत कानात सूं-सूं आवाज असू शकतो.

पक्कं करायला ५१२ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा), ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) आणि टिंपॅनोमेट्री (पडदा किती हलतो ते मोजणं) करतात. हाडातून ऐकू येणं ठीक आणि हवेतून कमी, असा फरक आलेखावर दिसतो. हाडाच्या रेषेतही २००० हर्ट्झपाशी एक खाच पडलेली असते. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागतोच असं नाही.

## मी वीस वर्षं जिनिंगमध्ये आहे. मशीनच्या आवाजाने हे हाड वाढलं का?

नाही. आवाजाने कॉक्लियातल्या नाजूक पेशी मरतात, हाड वाढत नाही. त्या नुकसानीची खाच ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते. पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. जिनिंग, डाळ मिल किंवा ऑइल मिलमध्ये काम करत असाल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रिकीब मोकळी केली तरी आवाजाने मेलेल्या पेशी परत येत नाहीत आणि ऑपरेशनकडून किती अपेक्षा ठेवायची, हे त्यावर ठरतं.

## बाळंतपणानंतर वाढलं. पुढचं मूल होऊ द्यावं की नाही?

होऊ द्या. काही जणींना गरोदरपणात ऐकू येणं घटल्याचं जाणवतं, म्हणून एके काळी डॉक्टर मूल टाळा असंही सांगत. मुलं झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांच्या ऐकण्याची तुलना केली, तेव्हा त्या सल्ल्याला आधार मिळाला नाही. आजार नेमका मुलं होण्याच्या वयातच वाढतो, त्यामुळे दोन्हींची सांगड घातली जाते. घरात या कारणावरून सुनेला बोल लावला जात असेल, तर नवऱ्याला आणि सासूबाईंना पुढच्या भेटीत सोबत आणा, मी बोलतो.

## मुलांना होईल का? सोयरीक जमवताना सांगावं का?

निम्म्याहून अधिक रुग्णांच्या घरात आणखी कुणाला तरी हा त्रास असतो. जिथे तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, तिथे दोष मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, पण दोष असलेल्यांपैकी साधारण ४० टक्क्यांनाच आजार होतो. गुणाकार केला तर पाचात एक. तोही मोठेपणी, हळूहळू, आणि उपाय असलेला. गोवर हे एक कारण असावं, असाही संशय आहे. रोगग्रस्त हाडात गोवराच्या विषाणूच्या खुणा सापडल्या आहेत, पण वाद मिटलेला नाही. बाळाला गोवराची लस द्यायला कानाचं निमित्त लागू नये.

सोयरिकीबद्दल विचाराल तर सांगून टाका. कानाचं मशीन लपवून साखरपुडा उरकलेला मी पाहिला आहे, पुढे त्याचा त्रास मुलीलाच झाला.

## हाड वाढतंय म्हणजे कॅल्शियम जास्त झालं. दूध, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू?

नको. रक्तातल्या कॅल्शियमचा इथे काही संबंध नाही. बिघाड एका कोपऱ्यातल्या पेशींच्या कामात आहे. दूध बंद करून गुडघे आणि कंबर तेवढी दुखावतील.

## फ्लोराइडच्या गोळीने थांबतं, असं ऐकलं. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहेच, मग तेच प्यावं का?

सोडियम फ्लोराइड हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरतं आणि सच्छिद्र हाड लवकर घट्ट करतं, या विचाराने काही डॉक्टर ते देतात, विशेषतः नसेचं ऐकूही घटत असेल तेव्हा. पुरावा मर्यादित आहे. मी क्वचितच देतो. पोट बिघडतं, गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात देत नाहीत.

बोअरच्या पाण्याचं मात्र औषध करू नका. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, पाठीचा कणा आखडतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काही गावांनी ते भोगलं आहे. ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी) वापरली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधंही कानासाठी वापरून पाहिली गेली आहेत, पण ती नेहमीची उपचारपद्धती झालेली नाहीत.

## कोमट तेल घातलं तर हाड मोकळं होईल?

तेल पडद्यापाशी थांबतं. रिकीब पडद्याच्या मागे. पडद्याला भोक असेल तर तेल आत जातं आणि मग वेगळंच दुखणं सुरू होतं.

## ऑपरेशन करू की मशीन लावू?

दोन्ही रास्त आहेत, आणि मशीन म्हणजे दुय्यम उपाय असं मी मानत नाही. या आजारात नस चांगली असते, त्यामुळे मशीनमधून आवाज फार स्पष्ट येतो. मशीन पटलं नाही तर काढून ठेवता येतं, ऑपरेशन परत घेता येत नाही. उलट शेतात घाम, धूळ, पाऊस, दर आठवड्याला बॅटरी, कापूस वेचताना पदराला अडकणारी वायर. या तक्रारीही खऱ्या आहेत.

एकच कान चालू असेल, तर त्या कानावर ऑपरेशन सहसा करत नाहीत. आत्ता कान वाहत असेल तर आधी तो बरा करायचा. दोन्ही कान धरले असतील तर जास्त खराब कान आधी, आणि दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी निदान सहा महिने ते वर्षभर वाट पाहायची. थोडाच फरक असेल, तर काहीच न करता दरवर्षी ऑडिओमेट्री करत राहणं हाही निर्णयच आहे.

## ऑपरेशनमध्ये करतात काय, आणि धोका किती?

कानाच्या नळीतूनच जातात, बाहेर टाका बहुधा दिसत नाही. बरेचदा फक्त जागा बधिर करून होतं, टेबलावरच रुग्ण म्हणतो, “आता ऐकू आलं.” पडदा उचलून रिकिबीचा वरचा भाग काढतात, तळाला सूक्ष्म ड्रिल किंवा लेसरने एक मिलिमीटरपेक्षाही लहान छिद्र पाडतात आणि त्यात साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचा पिस्टन सोडून त्याचं वरचं टोक ऐरणीला अडकवतात. रोगट हाड काढत नाहीत, त्याला बगल देतात. पूर्वी रिकीब सबंध काढत. ती पद्धत अमेरिकेत मेम्फिसला जॉन शिया यांनी १९५६ मध्ये सुरू केली. खिडकीवर शिरेचा तुकडा आणि रिकिबीच्या जागी टेफ्लॉन. त्याआधी १९३० च्या दशकापासून आतल्या कानाला नवीच खिडकी पाडत. गंमत अशी, की त्या नव्या खिडकीवरही काही वेळा हाड येऊन ती बंद होई.

सरावलेल्या हातात दहापैकी नऊ जणांचा हवा-हाड फरक जवळजवळ मिटतो. शंभरात साधारण एकाचा तो कान कायमचा पूर्ण बहिरा होतो. हा आकडा ऐकूनच सही करा, आणि “काही होत नाही हो” असं कुणी म्हटलं तर पुन्हा विचारा. चक्कर काही दिवस असते. चवीची नस पडद्यामागूनच जाते, ती ताणली गेली तर काही आठवडे जिभेला धातूसारखी चव येते; भरीत-भाकरी बेचव लागली तर घाबरू नका. महिनाभर ओझं उचलायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. केळीचे घड वाहणाऱ्यांनी हंगाम पाहूनच तारीख घ्यावी. एमआरआय आजच्या बहुतेक पिस्टनना चालतो, तरी डिस्चार्ज कार्डावर पिस्टनचं नाव लिहून घ्या.

## माझा कान लहानपणापासून वाहतो. सीटीमध्ये हाड खाल्लेलं दिसलं. हे तेच का?

नाही. आणि या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण ओटोस्क्लेरोसिसने कुणी दगावत नाही, याने दगावतात.

वाहणाऱ्या कानाचे दोन प्रकार. एकात पडद्याच्या मधोमध भोक असतं, सर्दी झाली की पातळ, चिकट पाणी येतं. तो त्रासदायक, पण बहुधा निरुपद्रवी. दुसऱ्यात पडद्याचा वरचा किंवा मागचा भाग आत ओढला जाऊन पिशवी होते, तिथली त्वचा झडत राहते आणि पापुद्रे साठत जातात. याला कोलेस्टिआटोमा म्हणतात. स्राव थोडा, पण घाण वासाचा. अनेकदा घरची माणसं वासामुळे शेजारी झोपत नाहीत, रुग्ण मात्र म्हणतो, “थोडंच येतं, डॉक्टर.”

ही पिशवी हाड खाते. पूर्वी वाटे की दाबाने. आता माहीत आहे, की तिथल्या सुजेतून निघणारे रेणू त्याच ऑस्टिओक्लास्ट पेशींना जागं करतात आणि त्या समोर येईल ते हाड विरघळवतात. आधी बहुधा ऐरणीचा लांब दांडा जातो. मग आतल्या कानाचं कवच. तोलाच्या तीन नळ्यांपैकी बाजूची आडवी नळी या पिशवीच्या अगदी वाटेत असते. तिच्या हाडाला भोक पडलं, की कानावर बोट दाबल्यावर किंवा जोरात शिंकल्यावर घर फिरतं. चेहऱ्याच्या नसेवरचं हाड गेलं तर तोंड वाकडं होतं. छताचं हाड गेलं तर वर मेंदू आहे.

बाहेरून बाकीचं कवच कितीही टणक असो, सूज आणि पू यांपुढे ते टिकत नाही. आतून येणारं ते राखणारं प्रथिन तिथे अपुरं पडतं.

थेंबांनी वास कमी होतो, पिशवी जात नाही. उपाय म्हणजे मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं ऑपरेशन, आणि त्याचा पहिला हेतू कान कोरडा व सुरक्षित करणं. ऐकू येणं दुसऱ्या क्रमांकावर. ऑपरेशननंतरही वर्षानुवर्षं तपासणी लागते, कारण पिशवी पुन्हा येऊ शकते. तापीत किंवा विहिरीत पोहणाऱ्या पोरांच्या आईबापांनी खास लक्ष द्यावं : पाण्याने कोलेस्टिआटोमा होत नाही, पण पाणी गेलं की वाहणं वाढतं आणि “पोहल्यामुळे झालं” म्हणत मूळ दुखणं मागे पडतं.

वाहत्या कानासोबत चक्कर, ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, तोंड वाकडं होणं किंवा कानामागे सूज, यांपैकी काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

## कूस बदलली की चक्कर येते. हाड ठिसूळ झाल्यामुळे का?

थोडा संबंध आहे. तोलाच्या अवयवात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून नळीत शिरले की कूस बदलताना काही सेकंद गरगरतं. ऑस्टिओपोरोसिस असलेल्यांत हे जास्त आढळतं. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते भरून दिल्यावर चक्कर पुन्हा येण्याचं प्रमाण घटलं, असा कोरियातला अभ्यास २०२० मध्ये आला. एवढ्या उन्हात राहूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी निघतं, विशेषतः घरात राहणाऱ्या बायकांत. पण पहिला उपाय गोळी नाही. डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून कण परत जागेवर नेतात आणि ते काम पाच मिनिटांत होतं.

## मेंदूज्वरानंतर बाळाला ऐकू येईना. “थोडं मोठं होऊ द्या” म्हणतात.

थांबू नका. मेंदूज्वराचा पू कॉक्लियात पोचला असेल, तर तिथे आधी तंतुमय जाळं आणि मग हाड भरू लागतं. सुरुवात काही आठवड्यांत होऊ शकते. एकदा नळी हाडाने भरली, की कॉक्लिअर इम्प्लांटची (नसेला थेट विजेचे इशारे देणाऱ्या यंत्राची) तार आत सरकवणं कठीण होतं. मेंदूज्वरातून उठलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी घरी जाण्याआधी किंवा लगेच नंतर व्हायला हवी, आणि दोन्ही कान गेले असतील तर एमआरआय व इम्प्लांटचा निर्णय तातडीने.

## जळगाव-धुळ्यात हे होतं, की मुंबई-पुण्याला जावं लागेल?

ऑडिओमेट्री आणि सीटी तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी होतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मास्टॉइडची ऑपरेशनं इथे नेहमीची. रिकिबीच्या ऑपरेशनसाठी गावापेक्षा हात महत्त्वाचा. डॉक्टर हे ऑपरेशन नियमित करतात का, हे सरळ विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडून करून घेऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कानाची काही ऑपरेशनं बसतात. कोणतं बसतं आणि कोणत्या रुग्णालयात, हे तिथल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच पक्कं करा. दिव्यांग प्रमाणपत्र हवं असेल तर ऑनलाइन अर्ज करून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी द्यावी लागते. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात आणि एका कानाच्या त्रासात तेवढे भरत नाहीत.

येताना जुने सगळे ऑडिओग्राम आणा, पिवळे पडलेले असले तरी. सीटीची फिल्म किंवा सीडी आणा, नुसता छापील रिपोर्ट नको. आणि ज्या माणसाला ऐकू येत नाही त्यालाच माझ्यासमोर बसवा. सोबतच्याने त्याच्या वतीने उत्तरं द्यायला सुरुवात केली, की मी त्यांना पाच मिनिटं बाहेर बसवतो.